गडाची पत्रिका

"आजी, तुमच्या नातीला स्वतःचं मत मांडायची पूर्ण मोकळीक आहे," पुण्याहून आलेला तो पोरगेला साहेब म्हणाला. "फक्त मत वाईट असेल, तर मांडायच्या आधी आम्हाला दाखवायचं."

"आणि चांगलं असेल तर?"

"मग काही प्रश्नच नाही."

"म्हणजे आमच्यात नव्या सुनेला माहेरच्यांशी बोलायची मोकळीक असते, तसंच की. सासू शेजारी बसलेली असते."

तेजलनं टेबलाखालून मला पाय मारला. मी पाय आवरून घेतला, तोंड आवरलं नाही.

हे चाललं होतं बार्शीत, आमच्या मंगल कार्यालयाच्या ऑफिसात. कार्यालय माझं. आमचे मालक, तेजलचे आजोबा, वारल्यावर रिकाम्या जागेवर मी ते उभं केलं. माझं शिक्षण चौथी नापास. मास्तरांनी मला नापास केलं की मी शाळेला, याचा निकाल अजून लागायचा आहे. पण बोलणी करायला बसले, की भलेभले पदवीवाले माझ्यासमोर पाणी भरतात.

तेजल माझ्या थोरल्याची मुलगी. इंजिनिअर झाली, आणि घरात बसून कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागली. नुसती खेळायची नाही, खेळता खेळता बोलायची, आणि ते तिच्या चॅनलवर लोक बघायचे. आधी मला वाटलं, या वयात खेळणाऱ्या मुलीला बघायला येतात की काय. पण तसं नव्हतं. नवा गेम आला की तो घ्यावा की नाही, हे पोरं तिला विचारायची. चांगल्याला ती चांगला म्हणायची, टुकाराला टुकार. सोलापूर, लातूर, पार नांदेडपर्यंतची पोरं 'तेजलताई काय म्हणते' ते ऐकूनच आईबापाकडं हट्ट धरायची. तोंडाचा फटकळपणा कुणाकडून आला, ते सांगायला नको.

साहेबाचं नाव सौमित्र. त्याच्या कंपनीनं 'सात बुरुज' नावाचा गेम काढला होता. एकेक बुरुज बांधत गड उभा करायचा, पाण्याची टाकी खोदायची, माणसं वसवायची, वर चालून येणाऱ्या फौजेशी लढायचं. आणि सगळं मराठीत. दिवाळीच्या आधी विक्री सुरू होणार होती. त्याआधी तेजलनं तो खेळून चॅनलवर सांगावं म्हणून ते तिला आधीच देणार होते. त्यासाठी करार.

"दुसऱ्या बुरुजापुढचं काही दाखवायचं नाही," सौमित्र बोट ठेवून वाचत होता. "'बिघाड', 'अडकतो', 'फसवणूक', हे शब्द वापरायचे नाहीत."

"आणि वापरले तर?" मी विचारलं.

"व्हिडिओ उतरवायला लागेल. मग आमची कंपनी तेजलला पुढचा गेम देणार नाही. बाकीच्याही देणार नाहीत. आमचं एकमेकांत बोलणं असतं."

"म्हणजे वाळीत टाकणार."

"तसा शब्द आम्ही वापरत नाही, आजी."

"तो पण त्या यादीत घाला मग."

तो हसला. हसणं बरं होतं पोराचं. तेजलनं माझ्याकडं बघितलं. "काय करू, आज्जी?"

मी म्हणाले, "कर सही." आता म्हणाल, का? तर पुण्याच्या कंपनीचा माणूस गाडी करून बार्शीला येतो, माझ्या नातीपुढं कागद ठेवून बसतो. एवढा मान चालून आल्यावर खोट काढत बसणं मला शोभलं नसतं. शिवाय गेम चांगलाच असणार, मराठी आहे म्हटल्यावर.

तेजलनं सही केली आणि खेळायला बसली. जेवायला हाक मारली तर येईना. मीही मधून मधून तिच्यामागं जाऊन बसायचे. खरंच देखणा गड होता हो. पहाटेचं धुकं, बुरुजावरचा पहारेकरी, टाक्यातून पाणी आणणाऱ्या बाया. एका बाईला तेजलनं माझं नाव दिलं होतं. अनसूया. डोक्यावर घागर घेऊन माझ्यासारखीच तरातरा चालायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून किंकाळी आली. मी धावले. "काय गं, लाईट गेली?"

"गड गेला, आज्जी."

पडद्यावर नुसतं माळरान. बुरुज नाही, टाकं नाही, माझ्या नावाची बाई नाही. तेजलनं चौथा बुरुज बसवला, आणि त्यासरशी तोवरचं सगळं पुसून गेलं होतं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा चौथ्या बुरुजाला सगळं पुसलं. मग तिनं सौमित्रला फोन लावला, मला ऐकू येईल असा.

"चौथ्या बुरुजाला सगळं पुसलं जातंय."

"हो, ते माहितेय आम्हाला," तो म्हणाला.

"माहितेय?"

"दिवाळीनंतर दुरुस्त होईल."

"आणि विक्री?"

"विक्री दिवाळीच्या आधी. तेजल, चौथ्या बुरुजाचं नाव काढू नकोस. तू सही केलीयस."

फोन ठेवल्यावर तेजल नखं खायला लागली. लहानपणी मी तिच्या बोटांना कडुलिंब लावून ती सवय मोडली होती.

"अगं, गप्प बसायचं. चार गोष्टी चांगल्या आहेत, तेवढ्या सांगायच्या."

"आज्जी, पोरं दिवाळीला मिळालेलं सगळं एका गेमवर घालतात. माझ्या सांगण्यावर. मी गप्प बसले, तर माझ्या गप्प बसण्यावर घेतील. मग चौथ्या बुरुजाला शिव्या कुणाला? मलाच. आणि बरोबरच आहे ते."

"मग बोल."

"बोलले तर कुणी गेम देणार नाही. मग बोलू कशावर? तुझ्या कार्यालयाच्या जिलेबीवर?"

"माझ्या जिलेबीला नाव ठेवायला जागा नाही," मी म्हणाले. "आणि हे बघ, सही माझ्या सांगण्यावरून केलीस, म्हणजे शब्द माझा गेला. तो मोडायचा नाही. पण शब्द न मोडता बोलता येतं."

"कसं?"

मी खुर्ची ओढून तिच्यापुढं बसले. असल्या कामात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. "स्थळ नाकारायचं असलं की आपण काय कळवतो? मुलगी काळी आहे म्हणतो? बाप पितो म्हणतो? मुलाचं बाहेर काही आहे म्हणतो? नाही. पत्रिका जुळत नाही म्हणतो. समोरचा समजून जातो. त्याचाही मान राहतो, आपलाही राहतो. कुणी भांडायला येत नाही, कारण भांडणार कुणाशी? ग्रहांशी?"

"आणि खरंच पत्रिका जुळत नसली तर?"

"मुलगी पसंत असली की जुळतेच. गुरुजी काहीतरी शांत करतात, कुठंतरी तेल घालायला सांगतात, बसतं गणित. मी एवढी लग्नं बघितली, नुसत्या पत्रिकेवरून मोडलेलं एक बघितलं नाही."

तेजल माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, आज्जीच्या डोक्याचा तिला अंदाज नव्हता, तो आता आलाय. माणसाला कौतुक असं गप्प राहून केलेलंच जास्त कळतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

"ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "तूच बोल."

मी इरकल नेसले, अंबाड्यावर फूल घातलं आणि तिच्याशेजारी कॅमेऱ्यापुढं बसले. तेजलनं पहिले दोन बुरुज दाखवले, अटीप्रमाणं. मग मी बोलले:

"मी तेजलची आज्जी, अनसूया. आम्ही हा गड बघितला. रूप देखणं आहे. आवाज गोड. घराणं पुण्याचं, चांगलं. पहिल्या दोन बुरुजांपर्यंत नाव ठेवायला जागा नाही. चहापोहे झाले, बोलणं झालं, मंडळी अगत्याची. पण काय करणार? आमची पत्रिका जुळत नाही."

आणि हात जोडले.

व्हिडिओ आधी कंपनीला दाखवायचा होता. तो तिथल्या मोठ्या मॅडमकडं गेला. मॅडमना मराठी येत नव्हतं. कुणीतरी त्यांना शब्दाला शब्द लावून सांगितलं, म्हातारी ज्योतिषाचं काहीतरी बोलतेय म्हणून. "किती गोड," मॅडम म्हणाल्या, आणि मंजूर झालं.

व्हिडिओ लागला त्या दिवशी माझा फोन खाली ठेवता येईना. परांड्याची विहीण हसून हसून बोलूच शकत नव्हती. "अहो विहीणबाई, गडाला पण कांदेपोहे घातलेत होय!" मांडववाला, आचारी, बँडवाला, जो येईल तो "पत्रिका जुळत नाही" म्हणत आत यायचा. भाजीवालीला मी वांगी परत दिली, तर ती म्हणाली, "जुळली नाय वाटतं पत्रिका?" एका दगडाला हात न लावता मी गड पाडला होता. कार्यालयाच्या दारातून जाताना मी जरा सावकाशच जायला लागले, लोकांना नीट बघता यावं म्हणून.

तेजल मात्र हसत नव्हती. फोन घेऊन काहीतरी वाचत बसायची. विचारलं तर "काही नाही" म्हणायची.

मग एके दिवशी सौमित्रची गाडी दारात उभी राहिली. मी तयारच होते. पोऱ्याला सांगितलं, नुसतं पाणी आण, चहा नको. भांडण कसं होतंय बघून चहाचं ठरवू. सौमित्र आत आला आणि वाकून माझ्या पाया पडला. हातात खोकं. खोक्यात शालू.

"आजी, कमाल केलीत तुम्ही!"

"कसली कमाल?"

त्यानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर मी. अंबाडा, फूल, जोडलेले हात. आणि वर मोठ्या अक्षरांत: 'आजींची नाही जुळली. तुमची जुळते का? आजच बघा!'

"याच्यासाठी तुमची परवानगी हवी होती," तो म्हणाला. "मागणी दुप्पट झालीय."

"अहो, पण मी तर नकार दिला होता!"

तेजल दारात उभी होती. ती म्हणाली, "ऐक, आज्जी, पोरांनी खाली काय काय लिहिलंय," आणि फोनवरून वाचायला लागली. "'आज्जी, माझी कन्या रास आहे, मी घेऊ का?' 'मंगळ असला तर चालेल का?' 'ताई, तुझी नाही जुळली, पण माझी सिंह आहे, मी बुकिंग केलं.' असली ढिगानं आहेत."

हसावं तर हसं माझंच झालेलं, आणि रागवावं तर शालू समोर.

"कसंय आजी," सौमित्र सावकाश म्हणाला, "ज्यांनी लग्नं जुळवलीत, त्यांना तुमचं बोलणं कळलं. पण ती माणसं गेम कुठं घेतात? घेणारी पंधरा वर्षांची आहेत. त्यांना पत्रिका म्हणजे पत्रिकाच वाटते."

"तुम्हाला कळलं होतं?"

"मला दोन बहिणी आहेत, आजी."

"मग वरती सांगितलं का नाहीत?"

त्यानं खाली बघितलं. "गेमविषयी बाहेर काय बोलायचं आणि आत काय बोलायचं, त्याची सही मीही करून दिलीय. चौथा बुरुज ज्या पोरांनी केला, त्यांनीही दिलीय."

तेजल आत आली आणि माझ्यासमोर बसली. "आज्जी, नातेपुत्याच्या लोकांनी काय कळवलं होतं?"

"कशाचं?"

"माझं. उन्हाळ्यात बघून गेले ते."

परक्या माणसासमोर हा विषय काढायची काय गरज होती? मी शालूची घडी उलगडली. "काठ बरे आहेत याचे."

"आज्जी."

"पत्रिका," मी म्हणाले.

"आणि कुर्डुवाडीच्या?"

"त्यांनीही."

"आणि त्यानंतर मी शनिवारी शनीला तेल घालायला जात होते. आईनं उपास धरले. तुला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत असतं," मी म्हणाले. हे मी कुणालाही असंच म्हणते. त्या दिवशी मात्र ते तोंडातून सुटल्यावर परत आत घ्यावंसं वाटलं.

"काय होतं कारण?"

"आता काय करायचंय ते?"

"सांगितलं असतंस, तर निदान तेल तरी वाचलं असतं."

"मुलगी कॅमेऱ्यापुढं बसून ओरडते, असं म्हणत होते," मी म्हणाले. "दोन्हीकडचे. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"मला वाटत होतं, माझ्या जन्मातच काहीतरी खोट आहे," तेजल म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. तिनं ओरडायला हवं होतं; ओरडणाऱ्या माणसाला मला उत्तर देता येतं. "ओरडणं होतं होय! ते तर मी स्वतःच्या मर्जीनं करते."

मग ती उठली आणि टेबलावर मोबाइल उभा केला. सौमित्रच्या लक्षात आलं. "तेजल, नीट विचार कर. पुढचे सगळे गेम जातील."

"तुम्ही मागं दिसताय. बाजूला व्हा, नाहीतर मॅडम तुमचंही बघतील."

तो झटक्यात दाराआड झाला. जाईल असं वाटलं, पण गेला नाही. त्याच्या बुटांची टोकं मला दिसत होती. मी कॅमेऱ्यासमोरच बसलेली होते. शालू मांडीवर. मला कुणी बाजूला व्हायला सांगितलं नाही.

"मी तेजल," ती म्हणाली. "'सात बुरुज' आत्ता घेऊ नका. चौथा बुरुज बांधला की तोवरचा सगळा गड पुसला जातो. कंपनीला हे माहीत आहे. मला सांगायला मनाई होती, म्हणून आज्जी पत्रिकेचं बोलली. गेमला पत्रिका नसते. रास कुठलीही असू दे, पुसला जातो."

एवढंच. मी जेवढं बोलले होते, त्याच्या निम्मंही नाही. फूल नाही, चहापोहे नाहीत. मला ते फारच उघडंवाघडं वाटलं.

दाराआडून सौमित्र बाहेर आला. त्यानं तेजलकडं बघून मान हलवली, आणि गेला. शालू न्यायला विसरला. मी पोऱ्याबरोबर मागं पाठवला. माझ्यासाठी आणलेला नव्हता तो, पत्रिकेसाठी आणला होता.

कंपनीनं संध्याकाळच्या आत व्हिडिओ उतरवायला लावला. पण तोवर पोरांनी तो एकमेकांना पाठवला होता, आणि मी उगाच मांडीवर शालू घेऊन बसलेली सगळ्या जिल्ह्यानं बघितली. त्यानंतर तेजलला कुठल्याच कंपनीनं आधी गेम दिला नाही. सौमित्र म्हणाला होता तसंच, त्यांचं एकमेकांत बोलणं असतं. आता ती गेम विकायला आला की दुकानातून घेते, खेळते आणि मग सांगते. बाकीच्यांपेक्षा तिला उशीर होतो, त्यामुळे पहिल्याइतके लोक उरले नाहीत. उरलेत, त्यांच्यातलं कुणी रास विचारत नाही.

संक्रांत झाल्यावर मोहोळचे लोक तिला बघायला आले. मुलगा चांगला, नोकरी चांगली, दिसायलाही बरा. माझ्या मनात एक फायदाही होता. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच वैशाखात आमच्या कार्यालयात ठरलेलं होतं; जावयाची बहीण म्हटल्यावर पुढची चार लग्नंही आलीच असती. ते गेल्यावर तेजल म्हणाली, "नको."

"का?"

"त्याला काही विचारलं की उत्तर त्याची आई देते. मी त्याला विचारलं, तुम्हाला चहा गोड लागतो का, तर आई म्हणाली, त्याला बेताचा लागतो."

हे खरं होतं. माझ्याही लक्षात आलं होतं. मी फोन लावला. मुलाची आईच आली फोनवर.

"नमस्कार विहीणबाई," मी म्हणाले. "मंडळी फार आवडली आम्हाला. पण काय झालंय, पत्रि..."

तेजल टेबलाच्या पलीकडं बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. नुसत्या शेंगा सोलायची थांबली.

साऱ्या जन्मात मी असलं बोलले नव्हते. "पत्रिकेचं काही नाही," मी म्हणाले. "मुलाला काही विचारलं की तुम्हीच बोलता. आमच्या मुलीला ते पटलं नाही."

तिकडून एकदम, "आमच्या पोराला बोलता येत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"त्याच्याकडं द्या ना फोन. त्यालाच विचारते."

"तो नाही बोलणार तुमच्याशी!" आणि फोन आपटला.

तेजल इतकी हसली, की शेंगांचं सूप सांडलं. मलाही हसू आलं, नाही म्हणत नाही. खरं बोलून मोकळं वाटतं म्हणतात, तसं काही मला वाटलं नाही. पण त्या बाईचं तोंड कसं झालं असेल, या विचारानं रात्रीचं जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा एकटा कार्यालयात आला. चप्पल दारात काढून, हात पुढं बांधून उभा राहिला. वैशाखातल्या बहिणीच्या लग्नाचं बुकिंग रद्द करायचं म्हणाला.

"का रे बाबा?" मी विचारलं. "काय झालं?"

त्यानं एकदा मागं बघितलं. गाडीत त्याची आई बसलेली होती, काच वर करून.

"तारीख जुळत नाही, असं सांगायला सांगितलंय," तो म्हणाला.

तारीख त्यांनीच काढून आणली होती.